स्नेहबंध सोसायटीस दिवाळीच्या शुभेच्छा

"यंदाच्या दिवाळीत आपलं नाव घराघरांत पोहोचणार!" असं भारत कोठावदेने नवरात्रातच जाहीर करून टाकलं. जाहीर केलं ते बायकोसमोर. बायको त्या वेळी उपासाची खिचडी परतत होती, म्हणून तिने फक्त "बरं" म्हटलं. भारतला तेवढं पुरे होतं. आतापर्यंतच्या त्याच्या सगळ्या योजना अशाच एखाद्या "बरं"वर सुरू झालेल्या होत्या.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. भारतचा नाशिकमध्ये पेस्ट कंट्रोलचा धंदा होता. साध्या भाषेत सांगायचं तर ढेकूण, झुरळं, उंदीर आणि वाळवी यांच्या जिवावर त्याचं घर चालायचं. मूळचा तो देवळ्याचा. तिथं मामाच्या शेतीऔषधांच्या दुकानात उभं राहून त्याने कांद्यावरच्या किडीचा अभ्यास केला आणि लग्नानंतर नाशिकला येऊन तेच ज्ञान लोकांच्या गाद्यांवर वापरायला सुरुवात केली. धंद्याला नाव दिलं 'दीपमाला पेस्ट कंट्रोल'. दीपमाला म्हणजे बायको! लोक बंगल्याला बायकोचं नाव देतात, भारतने फवारणीला दिलं. पाटी रंगवून आली त्या दिवशी दीपमालाने ती नीट पाहिली आणि म्हणाली, "अहो, माझ्या नावाखाली झुरळ काढलंय!"

"उताणं आहे ना पण? मेलेलं आहे ते!" भारतने समजूत काढली.

या धंद्याची एक गंमत असते. दाढ काढली, चष्म्याचा नंबर वाढला, मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, हे लोक चारचौघांत रंगवून सांगतात. पण आपल्या घरात ढेकूण झालेत हे माणूस सख्ख्या बहिणीला सांगत नाही. ढेकूण कायम शेजाऱ्यांकडे होतात! त्यामुळे भारतला येणारे फोन बहुतेक कुजबुजतच यायचे. गाडीवर नाव नको. दुपारी या, तेव्हा बिल्डिंग झोपलेली असते. कोणी विचारलं तर मीटर बघायला आलो म्हणा. भारतने या सगळ्याला तोड काढली होती. पंप आणि औषधाचे डबे तो क्रिकेटच्या किट-बॅगेत घालून न्यायचा. नाशिकच्या अर्ध्या कॉलन्यांमध्ये लोक त्याला क्रिकेटचे कोच समजत. एकदा तर एका आजोबांनी त्याला नातवाची बॅटिंग दाखवली आणि भारतने "डावा पाय पुढे टाकत जा" असा सल्लाही दिला.

मग इतकं तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाने पुढचा उद्योग का केला? तर त्याला कारण ते व्याख्यान!

लहान धंदेवाल्यांसाठी एका हॉटेलच्या हॉलमध्ये व्याख्यान होतं. पुण्याहून टाय लावलेले एक गृहस्थ आले होते. ते म्हणाले, "तुमच्या गिऱ्हाइकाला दिवाळीला कार्ड पाठवा. पण नुसतं छापील नको! हाताने एक ओळ लिहा. त्याचं काम काय होतं ते लिहा. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, हा माणूस मला विसरलेला नाही!"

भारतच्या शेजारी बसलेल्या सायकलवाल्याने ते लिहून घेतलं, पलीकडच्या झेरॉक्सवाल्याने लिहून घेतलं, आणि भारतनेही लिहून घेतलं. सायकलवाल्याच्या आणि आपल्या धंद्यात काही फरक आहे, हे त्याच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

जुन्या नाशकात मुझफ्फरभाईंचा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, उरुसाची पोस्टरं, सगळं तिथं छापलं जायचं. भारत तिथं जाऊन म्हणाला, "मुझफ्फरभाई, दिवाळीची पोस्टकार्डं छापायचीत. पुढे पणती, मागे शुभेच्छा."

"पोस्टकार्ड कशाला, भाऊ? पाकीट घ्या. आत छान कार्ड घालू. इज्जतदार दिसतं."

"पाकीट कोणी उघडत नाही. जाहिरात आहे म्हणून टाकून देतात. पोस्टकार्ड कसं, हातात आलं की वाचलंच जातं!"

"ते तर खरंय," मुझफ्फरभाई म्हणाले, "ज्याच्या हातात येईल तो वाचतोच."

या वाक्यात सगळं काही होतं. पण भारत तेव्हा पणतीची नक्षी निवडत होता.

कार्डं आली. मजकूर झकास होता. 'दीपमाला पेस्ट कंट्रोलतर्फे आपणांस व आपल्या कुटुंबीयांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा! पुन्हा सेवेची संधी द्यावी. हे कार्ड दाखवणाऱ्यास वीस टक्के सूट.' त्याखाली दोन बोटं जागा कोरी ठेवलेली, हाताने लिहायच्या ओळीसाठी.

ती ओळ आणि पत्ते लिहायचं काम अर्थातच दीपमालाकडे आलं. माहेरी कळवणला शाळेत असताना फळ्यावरचा सुविचार कायम तीच लिहायची, इतकं तिचं अक्षर वळणदार. भारत सांगत गेला, ती लिहीत गेली.

"लिही, सौ. मंजुषाताई, मार्चमध्ये तुमच्या दिवाणातले ढेकूण काढले होते. आता शांत झोप लागते ना?"

दीपमालाचं पेन थांबलं. "अहो, असं लिहायचं? ढेकूण वगैरे?"

"मग काय लिहायचं? पाहुणे?"

"तसं नाही. पण बाईमाणसाला असं उघड्यावर..."

"दीपा, तेच तर आहे! पुण्याचे सर म्हणाले ना, त्याचं काम काय होतं ते लिहा. काम काय होतं? ढेकूण मारायचं! लिही."

दीपमालाने लिहिलं. सावित्रीबाईंना लिहिलं, 'एप्रिलमध्ये तुमच्या मुलाच्या खोलीत फवारणी केली होती. पुन्हा ढेकूण दिसल्यास संकोच करू नये.' मिठाईवाल्या चिमाजीशेठना लिहिलं, 'तुमच्या गोदामातले उंदीर आठवतात. फार मोठे होते.' अशी आठवडाभर कार्डं लिहून झाली आणि भारतने ती गठ्ठ्यागठ्ठ्याने पोस्टाच्या पेटीत टाकली. शेवटचा गठ्ठा आत गेला तेव्हा त्याने पेटीला हात लावून नमस्कारसुद्धा केला.

वसुबारसेच्या दिवशी दुपारी पहिला फोन आला.

"कोठावदे का?" बाईंचा आवाज नेहमीसारखा कुजबुजता नव्हता. चांगला खणखणीत होता.

"हो हो, मंजुषाताई! शुभ दीपावली! आमचं कार्ड मिळालं का?"

"नाही मिळालं!"

"अरेरे! पोस्टाचं काय सांगावं..."

"मला नाही मिळालं, सावित्रीबाईंना मिळालं! आणि त्या जिन्यात उभ्या राहून मोठ्याने वाचतायत! तिसऱ्यांदा!"

आता इथं थोडं मागचं सांगायला हवं. मंजुषाताई आणि सावित्रीबाई दोघी गंगापूर रोडच्या स्नेहबंध सोसायटीत राहायच्या. बारा फ्लॅटची बिल्डिंग. मंजुषाताई नऊ नंबरमध्ये, सावित्रीबाई एक नंबरमध्ये. एप्रिलमध्ये सोसायटीची मीटिंग झाली, तेव्हा मंजुषाताईंनी भर सभेत सांगितलं होतं की बिल्डिंगमध्ये ढेकूण आलेत आणि ते सावित्रीबाईंच्या मुलाच्या होस्टेलच्या वळकटीतून आलेत. सावित्रीबाई पडल्या मानी. त्यांनी सगळ्यांदेखत ती वळकटी रस्त्यावर नेऊन टाकली. त्यांच्या आईने हाताने शिवलेली गोधडी त्यातच होती. त्या दिवसापासून दोघींमध्ये बोलणं बंद, हळदीकुंकू बंद, आणि जिन्यात समोरासमोर आल्या की एक जण भिंतीकडे बघायची.

आणि आता सावित्रीबाईंच्या हातात मंजुषाताईंचं कार्ड! त्यात स्पष्ट लिहिलेलं, मार्चमध्ये! म्हणजे वळकटी यायच्या आधी महिनाभर!

हे झालं कसं? तर दीपमालाच्या त्या वळणदार अक्षरामुळे. तिचा एक इतका डौलदार असायचा की तो नऊ वाटायचा, आणि नऊ इतका नाजूक की तो एक वाटायचा. सोसायटीचा वॉचमन मंगळू टपाल वाटायचा तो आकडे बघून. नावं वाचायच्या भानगडीत तो पडत नसे. त्याने नऊचं कार्ड एकमध्ये टाकलं आणि एकचं नऊमध्ये.

भारत "बघतो, बघतो" म्हणत फोन ठेवतोय तोच पुन्हा घंटी वाजली. या वेळी सावित्रीबाई!

"काय हो, माझं कार्ड त्या मंजुषाच्या हातात कसं? ती गॅलरीतून ओरडून सांगतेय, मुलाच्या खोलीत फवारणी केली म्हणून! मी तुम्हाला काय सांगितलं होतं? विम्याचा एजंट म्हणून या! आलात की नाही तसे?"

"आलो होतो, सावित्रीबाई. तुमच्या शेजाऱ्यांनी मला पॉलिसीपण विचारली होती."

"मग हे काय लिहून पाठवलंत?"

तिसऱ्या फोनवर तर एका अनोळखी बाईने नुसतं विचारलं, "ढेकणांच्या दीपमाला आहेत का?" दीपमालाने रिसीव्हर भारतच्या हातात दिला आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथून तिने फक्त एकच प्रश्न विचारला.

"आणि चिमाजीशेठचं कार्ड?"

भारतने स्कूटरची किल्ली उचलली. वसुबारस! दिवाळीची ऐन खरेदी! दुकानात पाय ठेवायला जागा नसणार, आणि त्या गर्दीत ते कार्ड! फार मोठे होते!

तो स्कूटरवर बसला. हेल्मेटच्या जागी घाईत त्याने फवारणीचा मास्क चढवला होता, हे त्याला शालिमारच्या चौकात एका पोलिसाने थांबवून सांगितलं.

चिमाजीशेठच्या दुकानात खरंच गर्दी उसळली होती. काउंटरच्या वर एक दोरी बांधून त्यावर आलेली सगळी शुभेच्छापत्रं चिमट्यांनी अडकवलेली, आणि बरोबर मध्यावर भारतची पणती. चित्राची बाजू पुढे! म्हणजे मागचं अजून कोणी वाचलेलं नव्हतं. भारतने देवाचे आभार मानले आणि गर्दीतून वाट काढत, हात लांब करून चिमटा काढला.

"ओ! काय काढताय?" पेढे घ्यायला आलेल्या एका जाड चष्म्याच्या बाईंनी हटकलं. "छान पणती आहे ती. बघू!"

आणि त्यांनी कार्ड हातातून घेतलं, उलटलं आणि वाचायलाच लागल्या. अशा बायका मनात वाचत नाहीत.

"चिमाजीशेठ, तुमच्या गोदामातले..."

"पेढे!" भारत ओरडला आणि त्याने कार्ड हिसकावलं. "पेढे आठवतात! गोदामातले पेढे! फार मोठे होते!"

चिमाजीशेठ तराजू हातात धरून जागच्या जागी पुतळा झाले. त्यांनी भारतला ओळखलं होतं, आणि कार्ड कुणाचं हेही त्यांच्या आता लक्षात आलं होतं.

"पेढे गोदामात ठेवता?" बाईंनी विचारलं.

"थंड असतं तिथं," चिमाजीशेठ कसेबसे म्हणाले. "अर्धा किलो ना ताई? पाऊण करून देतो. दिवाळी आहे."

मग त्यांनी भारतच्या दंडाला धरून त्याला मागच्या बाजूला नेलं. भट्टीच्या धगीत ते आणखीनच लाल दिसत होते.

"कोठावदे, पुन्हा या दुकानाची पायरी चढायची नाही!"

"नाही चढणार, शेठ."

"तोंड दाखवायचं नाही!"

"नाही दाखवणार."

शेठनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "भाऊबीज झाली की या. मागच्या दाराने. परत खुडबूड ऐकू येतेय."

भारतला वाटलं, चला, सुटलो! कार्ड त्याने भट्टीत टाकलं आणि मोकळ्या छातीने घरी आला. दारातच दीपमाला उभी.

"स्नेहबंधच्या चेअरमनचा फोन होता. आहेर सरांचा. संध्याकाळी सोसायटीची तातडीची मीटिंग बोलावलीय. तुम्हाला हजर राहायला सांगितलंय."

"मला? मी काय तिथला सभासद आहे का?"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाले, साक्षीदार म्हणून."

आहेर सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. राहायला बारा नंबरमध्ये, सगळ्यांत वरती. जिन्यात पानाचा डाग दिसला तर तो कुणाचा हे शोधून काढल्याशिवाय ते जेवत नसत. एप्रिलच्या त्या मीटिंगमध्ये त्यांनीच स्वच्छतेवर पाऊण तास भाषण केलं होतं आणि सावित्रीबाईंना लेखी समज द्यावी असं सुचवलं होतं.

मीटिंग पार्किंगमध्ये होती. वर आकाशकंदील लावलेला, खाली सतरंजी, आणि सतरंजीच्या दोन टोकांना मंजुषाताई आणि सावित्रीबाई. प्रत्येकीच्या हातात दुसरीचं कार्ड. भारतला एका लाकडी खुर्चीवर सगळ्यांसमोर बसवण्यात आलं. खुर्चीच्या सांध्यांकडे त्याची नजर सवयीने गेली, पण त्याने ती आवरली.

"कोठावदे," सर म्हणाले, "प्रश्न सरळ आहे. ढेकूण आधी कुणाकडे झाले? मार्च की एप्रिल?"

"मार्च आधी येतो," सावित्रीबाई म्हणाल्या. "कॅलेंडर माझ्याकडेपण आहे."

मंजुषाताईंचा चेहरा उतरला. त्या एकदम रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पण माझ्याकडे कुठून आले? मी काय विकत आणले? माझ्या खालच्या पाच नंबरवाल्यांकडून आले असतील!"

"आमचं नाव घेऊ नका!" पाच नंबरचे गृहस्थ ताडकन उठले. उठताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून एक पोस्टकार्ड सतरंजीवर पडलं. पणती वर.

मग सावित्रीबाईंनी वाकून ते उचललं आणि वाचलं. 'फेब्रुवारीत तुमच्या सोफ्यात...'

"फेब्रुवारी!" सगळे एकदम म्हणाले.

"आमच्याकडे तीन नंबरमधून आले!" पाच नंबरवाले घामाघूम होऊन ओरडले. "त्यांचा जुना पलंग मी घेतला होता!"

तीन नंबरच्या वहिनींनी पदराखालून आपलं कार्ड काढलं आणि स्वतःच वाचून दाखवलं. जानेवारी. "लपवून काय करू आता?" त्या म्हणाल्या. "पण पलंग आम्हाला आठ नंबरवाल्यांनी दिला होता."

आणि मग जी रांग लागली! कोणी पाकिटातून, कोणी पर्समधून, कोणी पेपरच्या घडीतून, एकेक करून पणत्या बाहेर यायला लागल्या. पार्किंगमध्ये अगदी दीपोत्सव झाला! जो तो आपापला महिना सांगायचा आणि बोट दुसऱ्याकडे करायचा. भारत कोणाकडे टीव्ही दुरुस्त करणारा म्हणून गेला होता, कोणाकडे पेटीचे सूर लावणारा म्हणून, कोणाकडे होमिओपॅथीचा डॉक्टर म्हणून. एवढ्या सगळ्या गोंधळात प्रत्येकाला एकच गोष्ट नव्याने कळत होती. आपल्याला वाटत होतं तसे आपण एकटे नव्हतो!

"शांतता!" आहेर सर गरजले. "ही शरमेची गोष्ट आहे. अकरा घरं! अकरा घरांनी ही गोष्ट सोसायटीपासून लपवली! मी एप्रिलमध्ये..."

"सर," वॉचमन मंगळू मागून म्हणाला, "तुमच्या पन खिशात हाय ना एक? दुपारी म्याच दिलं. बारा नंबर. त्यात घोळ नाय व्हत, दोन आकडं असत्यात."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग मान खाली घालून कोटाच्या आतल्या खिशातून कार्ड काढलं. कोणी मागितलं नाही तरी त्यांनीच वाचलं. इतकी वर्षं वर्गात घुमलेला खडा आवाज होता, पण या वेळी तो पार बसला. "आदरणीय सर, गेल्या दिवाळीच्या आधी आपल्या पुस्तकांच्या कपाटामागचे ढेकूण..."

गेल्या दिवाळीच्या आधी! याच्यामागे आता कोणाचाच महिना उरला नव्हता.

सावित्रीबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता सरांचं काही खरं नाही. पण त्या सरांकडे गेल्याच नाहीत. त्या मंजुषाताईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या आईची गोधडी होती गं त्यात."

मंजुषाताईंनी पदर डोळ्यांना लावला. "मला माहीत नव्हतं हो. मला वाटलं, कोणीतरी आधी बोललं तर आपल्यावर येणार नाही."

"माझ्यावर आलं ना."

"चुकलं माझं," मंजुषाताई म्हणाल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, हे महत्त्वाचं. सावित्रीबाई परत आपल्या टोकाला न जाता तिथंच त्यांच्या शेजारी बसल्या.

भारतला राहवलं नाही. आपल्या कार्डांमुळे दोन घरं जोडली गेली, असं काहीतरी बोलावं म्हणून तो खुर्चीतून अर्धवट उठला. तीच चूक झाली. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे वळली.

"थांबा थांबा," पाच नंबरवाले म्हणाले. "म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! वर्षभर!"

"आमच्याकडे औषध मारलं की ढेकूण खाली," आठ नंबरवाले म्हणाले.

"खाली मारलं की शेजारी!"

"शेजारी मारलं की परत वर! आणि हे बॅग घेऊन त्यांच्या मागे मागे! अहो, तुम्ही आमचे ढेकूण मारत होता की चारत होता?"

खरं तर हा प्रश्न भारतने स्वतःला दोन-तीनदा विचारला होता. वायरिंगच्या पाइपांतून ढेकूण एका घरातून दुसऱ्या घरात जातात, सगळी बिल्डिंग एका दमात धरल्याशिवाय ते हटणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण सांगणार कुणाला?

"तुम्ही सगळ्यांनी शपथा घातल्या होत्या!" तो शेवटी ओरडला. "मंजुषाताई, तुम्ही मुलीची घातली होती! सर, तुम्ही सरस्वतीची घातली होती! मी काय करणार? नऊ नंबरला सांगायचं की बारा नंबरला झालेत? पाच नंबरला सांगायचं की तीनला झालेत? मी तोंड उघडलं असतं तर तुम्हीच मला हाकललं असतं! वर्षभर मी पेटीवाला झालो, विमावाला झालो, डॉक्टर झालो! तीन नंबरच्या सासूबाईंना मी साबुदाण्याच्या गोळ्यासुद्धा दिल्यात!"

"त्याने बरं वाटलं हो मला," मागून एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या.

यावर मात्र हसू फुटलं. आधी सावित्रीबाई हसल्या, मग सगळेच. आहेर सरांनीसुद्धा मिशीतल्या मिशीत हसून घेतलं आणि घसा साफ करून ठराव मांडला. दिवाळी झाल्यावरच्या रविवारी सगळी बिल्डिंग एकदम फवारायची. बारा घरं, जिना, मीटरची खोली, सगळं. आणि त्या दिवशी सगळ्यांनी मिळून बस करून वणीला देवीच्या दर्शनाला जायचं.

भारतने मनातल्या मनात टाळी वाजवली. बारा फ्लॅटचं काम एका दिवसात! त्याने खिशातून पेन काढलं.

"आणि पैशांचं असं," सावित्रीबाई शांतपणे म्हणाल्या, "हे कार्ड दाखवणाऱ्यास वीस टक्के सूट. बरोबर ना?"

"हो, हो, नक्कीच!"

"काम एक आणि कार्डं बारा. बारा वीसा दोनशेचाळीस." त्यांनी बाराच्या बारा कार्डं गोळा करून भारतच्या मांडीवर ठेवली. "म्हणजे काम फुकट करून वर तुम्हीच आम्हाला देणं लागता."

पुष्कळ रदबदली झाली. अखेर औषधाचा खर्च सोसायटीने द्यायचा आणि मेहनत भारतने दिवाळीची भेट म्हणून करायची, असं ठरलं. भारत घरी आला तेव्हा दीपमालाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग यात आपल्याला काय मिळालं?"

"नाव घराघरांत पोहोचलं," भारत म्हणाला.

त्या रविवारी स्नेहबंधची बस देवीचा जयघोष करत निघाली. मंजुषाताई आणि सावित्रीबाई एकाच सीटवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एकच डबा होता. रिकाम्या बिल्डिंगमध्ये भारत दोन माणसं घेऊन शिरला. किट-बॅग त्याने घरीच ठेवली होती. पंप उघडा खांद्यावर! वर्षभरात पहिल्यांदाच त्याला कुणापासून लपायचं नव्हतं. मग त्याने जे काम केलं, ते त्याला मामाच्या दुकानापासून जेवढं म्हणून येत होतं, ते सगळं पणाला लावून केलं. प्रत्येक दिवाण उलटा केला, प्रत्येक फोटो भिंतीवरून उतरवला, वायरिंगचा एकेक डबा उघडला, सरांच्या कपाटातली पुस्तकं एकेक करून झटकली. संध्याकाळी तो जिन्यात बसला तेव्हा त्याला हात वर करवत नव्हते. पण मनातून तो खूश होता. असं काम नाशिकात कोणी केलं नसेल, असं त्याला वाटलं, आणि ते बहुधा खरंच होतं.

थंडी गेली. फेब्रुवारी आला. हा हंगाम भारतच्या आवडीचा. ऊन तापायला लागलं की ढेकूण अंगात आल्यासारखे बाहेर पडतात आणि फोन सुरू होतात. गेल्या वर्षी याच दिवसांत एकट्या स्नेहबंधमधून दर पंधरा दिवसांनी कोणी ना कोणी कुजबुजायचं. यंदा फोन गप्प होता. भारत अधूनमधून रिसीव्हर उचलून टोन येतोय का ते बघायचा. टोन यायचा.

आणि एका दुपारी घंटी वाजली!

"कोठावदे का? मी मंजुषा!"

भारत ताठ बसला. त्याने दीपमालाला हाताने खूण केली, पंप काढ म्हणून. "बोला ताई, बोला! कधी येऊ?"

"अहो, यायचं कशाला? तेच सांगायला फोन केला! एक नाही हो! एकसुद्धा नाही! सगळ्या बिल्डिंगमध्ये औषधाला म्हणून ढेकूण उरला नाही! सर म्हणाले, निदान कळवायला तरी हवं. सावित्रीबाईंनीपण नमस्कार सांगितलाय. आता जन्मात तुम्हाला बोलवायची वेळ येत नाही बघा!"

"वा!" भारत म्हणाला. "छान झालं. फार छान झालं."

त्याने रिसीव्हर अलगद ठेवला. दीपमाला पंप हातात धरून दारात उभी होती.

"कोण होतं?"

"स्नेहबंधवाल्या. मंजुषाताई."

"मग? काय आहे म्हणाल्या?"

भारतने तिच्या हातातला पंप घेतला आणि परत कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"काही नाही म्हणाल्या."